हद्दीबाहेरचे ठोके

ही घटना खरी आहे. गोकुळदास आजही त्याच शेडमध्ये कामाला जातो, म्हणून कंपनीचं नाव इथे दिलेलं नाही. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे.

गेल्या वर्षी फेब्रुवारी संपत आला होता. जागा गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली एक औद्योगिक वसाहत. वेळ रात्रीची नव्हती.

भर दुपारची होती.

गोकुळदास एका ड्रममध्ये नळी सोडून नमुना काढत होता. शेडमध्ये फोन न्यायला बंदी. सगळ्यांचे फोन गेटवर, वॉचमन सगुणकडे ठेवलेले. कुणाला फोन आला की सगुण गेटवरूनच बोंब मारायचा. अख्ख्या वसाहतीला कळायचं कुणाची बायको काय म्हणते ते.

त्या दिवशी सगुणने बोंब मारली नाही.

तो चालत आला.

"फोंड्याहून फोन आयलो," तो म्हणाला. "तुज्या मेव्हण्याचो. विनोदिनी वैनी पडली म्हण."

"पडली म्हणजे? खंय पडली?"

सगुणने त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. हाताकडे बघितलं.

"पयलीं हातमोजे काड, गोकुळदासा."

तेव्हाच गोकुळदासला कळलं.

विनोदिनी, त्याची बायको, बहिणीकडे बारशाला गेली होती. पानं वाढता वाढता खाली बसली आणि उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. कुणाची चूक नव्हती.

ती याच शेडमध्ये कामाला होती. रोज सकाळी दोघं एका स्कूटरवरून धारगळहून यायची, संध्याकाळी एकत्र परत जायची. गावात लोक विचारायचे, "तुम्ही दोघां कचऱ्यात काम करतात मगो?" गोकुळदास विषय बदलायचा. विनोदिनी सांगत बसायची. रंगाच्या कारखान्यातला गाळ येतो, औषधाच्या कारखान्यातली काळी पूड येते, तेलाच्या चिंध्या येतात. आधी सगळं तपासायचं, मग वेगळं करायचं, मग जुळेल ते एकत्र करून सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवायचं. न तपासता मिसळलं तर भट्टीपर्यंत जायची गरज नाही, इथेच जळेल.

कुठलेही दोन माल मिसळण्याआधी दोन्हींचा थोडा थोडा नमुना एका भांड्यात घालून बघत बसावं लागतं. तापतं का, फसफसतं का, वाफ येते का. फोरमन निवृत्ती कोल्हापूरकडचा. तो या तपासणीला 'पत्रिका बघणे' म्हणायचा.

"काय ओ वहिनी, तुमची दोघांची पत्रिका बघितली होती का न्हाई?"

"बघितली होती. जुळत नव्हती," विनोदिनी म्हणायची. "म्हणून तर झाकण घट्ट लावून ठेवलंय."

आणि तिची एक सवय होती. ड्रम उघडण्याआधी झाकणावर बोटांच्या पेरांनी दोन ठोके मारायची. टक टक. मग थांबायची, कान देऊन. आत वायू धरला असला की आवाज ताठ येतो. नियमच आहे तो, पण इतर लोक कसातरी पाळायचे. विनोदिनी मात्र कुणाच्या दारात उभी असल्यासारखी ठोकायची आणि हळूच विचारायची, "येऊ काय?"

बाया हसायच्या.

दिवसकार्य उरकून गोकुळदास कामावर परतला. घरी रोज तो तिच्या फोटोसमोर बसायचा. मोठं असं काही मागायचा नाही.

"एकदा तरी ये गे. लांबून का असेना."

रोज तेच.

मार्चच्या उन्हात शेडचे पत्रे तापू लागले होते. जेवणाच्या सुट्टीत सगळे मागच्या भिंतीपलीकडे सावलीत डबे उघडायचे. गोकुळदासला तिथे बसवत नव्हतं. बाया त्याच्या डब्यात बघायच्या आणि गप्प व्हायच्या. म्हणून तो शेडमध्येच थांबायचा, तपासणीच्या टेबलाशी.

एका दुपारी तो असाच बसला होता. शेड रिकामी. पंखा बंद.

आणि मग...

टक टक.

त्याने वर बघितलं. कुणी नव्हतं. उन्हाने ड्रम फुगतात, वाजतात. त्याला ते माहीत होतं.

टक टक.

आता थोडं पलीकडे. पुढच्या ड्रमवर.

मग त्याच्या पुढच्या.

उन्हाने वाजलेला ड्रम असा रांगेने वाजत नाही. आणि दोन ठोक्यांनंतर असा थांबत नाही... कान दिल्यासारखा.

आवाज भिंतीकडच्या रांगेत गेला. तिथे औषधाच्या कारखान्यातून आलेला माल उभा होता. गेटवरच्या तपासणीत तो पास झाला होता, पण मोठ्या प्रयोगशाळेचा निकाल यायचा होता. तोवर त्या ड्रमना हात लावायचा नव्हता. अगदी कडेच्या ड्रमवर ठोके पडले.

टक टक.

पुन्हा टक टक.

पुन्हा.

तिथून आवाज पुढे सरकेना.

गोकुळदास उठला. रोज ज्या बाईला हाका मारत होता ती आली होती. त्याला कुणी सांगायला नको होतं.

तो पळाला.

टेबलावरची बाटली पडली, फुटली. तो थेट गेटवर, सगुणच्या खोलीत येऊन बसला. 

"किदें रे? वाघ बघलो?"

"ऊन लागलां."

"उपाशी काम केल्यार ऊन लागतलांच," सगुण म्हणाला आणि त्याने आपल्या डब्यातला अर्धा पाव पुढे केला.

दुसऱ्या दुपारीही तेच झालं. तिसऱ्याही. आवाज रांगेने जायचा आणि त्याच ड्रमपाशी अडायचा. गोकुळदासने भिंतीकडच्या रांगेत जाणंच सोडलं. उभ्या ड्रमवर रोज नजर टाकायची असते. फुगलाय का, झाकण वर आलंय का. ते काम त्याचं होतं. तो लांबूनच बघून 'ठीक' म्हणायचा.

मग एके दिवशी खुंट्यांपाशी...

विनोदिनीचे हातमोजे अजून तिच्या खुंटीवर लटकत होते. काढायचं धाडस कुणी केलं नव्हतं. गोकुळदासने जाता जाता सहज हात लावला.

मोजा आतून गरम होता. ओलसर. आत्ताच कुणी हात बाहेर काढल्यासारखा.

त्याने सगुणला सांगितलं. पण सगळं नाही. दुपारी कुणीतरी ठोकतं, एवढंच सांगितलं.

सगुणच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "राखणदाराक सांगूंक जाय."

वसाहतीच्या कडेला एका जुन्या झाडाखाली राखणदाराचं, म्हणजे हद्द सांभाळणाऱ्या देवाचं, ठिकाण आहे. वसाहत होण्याआधीपासूनचं. कारखानदारही दरवर्षी तिथे रोट आणि केळी ठेवतात. त्या रविवारी गावातले एक गांवकर म्हातारे देवाला गाऱ्हाणं घालायला आले. सगुण होता, निवृत्ती होता, शेडमधले आणखी तिघे-चौघे होते.

म्हाताऱ्यांनी आधी विचारलं, "कोण तें ठावक आसा? नांव ठावक असल्यार सांग. नांव घेवन सांगल्यार देवाक समजता, कोणाक सांबाळपाचें आनी कोणाक धाडपाचें."

सगळे गोकुळदासकडे बघत होते.

एक शब्द बोलायचा होता. तिचं नाव.

"ठावक ना," गोकुळदास म्हणाला. "किदें तरी वायट आसा."

म्हाताऱ्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याच्या राखणदारा! तुजी लेकरां हंय पोटासाठी राबतत. दोनपारच्या वेळार जें कोण हंय येता, ठोकता, लेकरांक भियेवता, तेका तुज्या हद्दीभायर घाल. परतून आंत घेव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज गोकुळदासचा होता.

सोमवारी दुपारी शेडमध्ये काहीच वाजलं नाही.

मंगळवारीही नाही.

गोकुळदास टेबलाशी बसून डबा खाऊ लागला. खुंटीवरचे मोजे थंड होते, कडक वाळलेले. रात्री त्याला झोप लागली. फोटोसमोर बसणं मात्र त्याने बंद केलं. समोर बसलं की मान वर होत नव्हती.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेचा निकाल आला. औषधाच्या कारखान्याचा माल घ्यायला हरकत नव्हती. निवृत्तीने सकाळीच सांगितलं, "भिंतीकडची रांग उघडा. आधी गाळाबरोबर पत्रिका बघा, मग मिसळायच्या हौदात."

गोकुळदास कडेच्या ड्रमपाशी गेला. नमुन्याची बाटली धरायला रंजना होती, बेळगावकडची, विनोदिनीच्या जागेवर आलेली.

ड्रम उघडण्याआधी ठोकायचं असतं. गोकुळदासचा हात झाकणापर्यंत गेला. पण तो आवाज आता त्याला नको होता.

त्याने न ठोकता झाकणाचा पट्टा सोडला.

झाकण उडालं.

ते गोकुळदासला लागलं नाही. रंजनाच्या खांद्यावर बसलं. हाड मोडलं. आतला माल उसळून तिच्या मानेवर, दंडावर आला. गेटवर तपासला तेव्हा तो शांत होता. इतके दिवस बंद ड्रममध्ये, तापलेल्या पत्र्याखाली त्याने वायू धरला होता. ठोकून बघितलं असतं तर कळलं असतं. झाकण फुगलेलं होतं, तेही जवळ गेलेल्या कुणालाही दिसलं असतं.

जवळ कुणी गेलंच नव्हतं.

म्हणजे कुणी माणूस गेला नव्हता.

गोकुळदास इस्पितळात रंजनाला बघायला गेला. तिने खाटेवर त्याला बसायला जागा करून दिली. तेच त्याला सहन होईना.

"अण्णा, एक इचारू?"

"विचार."

"दुपारी आम्ही भिंतीपलीकडं जेवायला बसलो की तुम्ही ठोकत फिरायचा न्हवं? मला ऐकू यायचं. त्या कडंच्या ड्रमपाशीच लई वेळ ठोकायचा. मला वाटलं, अण्णाला त्येचा संशय आलाय. मग आवाज बंद झाला. म्हटलं, बघून झालं असंल. म्हणून मी बिनघोर उभारले."

गोकुळदासने खाटेवरची चादर सारखी केली.

"बघितलं होतं न्हवं?"

"होय," तो म्हणाला. "बघितलं होतं."

"मग नशीब म्हणायचं," रंजना म्हणाली. आणि वर त्यालाच म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. वहिनी जाऊन असे किती दिवस झालेत?"

बाहेर येऊन तो पायऱ्यांवर बसला. ज्या बाईने रोज दुपारी येऊन, त्याचं राहिलेलं काम करून, बोट ठेवून ड्रम दाखवला, तिला त्याने वाईट म्हटलं होतं. चार माणसांसमोर. देवासमोर. त्यानेच बोलावलं होतं तिला.

काही दिवसांनी तो गांवकर म्हाताऱ्यांच्या दारात गेला. हातात केळ्यांचा घड होता.

"घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येतं?"

"येता. पूण जेणें सांगून घातलां तेणेंच घेवंक जाय. त्याच माणसांच्या मुखार. आनी नांव घेवन."

"कोणाचें नांव?"

"जेका भायर घातलां तेचें." म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. "तुका नांव ठावक आसा?"

पुन्हा एकच शब्द बोलायचा होता.

"ना," गोकुळदास म्हणाला. केळी तिथेच ठेवून परतला.

आता तो प्रत्येक ड्रमवर ठोकतो. दोनदा. मग कान देऊन थांबतो. लोकांना वाटतं अपघातामुळे माणूस सुधारला. तो वायूसाठी कान देतो, हे खरं आहे. पण नुसता वायूसाठी नाही.

शेडमध्ये काहीच येत नाही.

शेडमध्ये येत नाही...

वसाहतीची हद्द संपते तिथे रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक मोठी पाटी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी गोकुळदास एकटाच स्कूटरवरून घरी चालला होता. वारा पडलेला होता. झाडाचं पान हलत नव्हतं. पाटीच्या पुढे गेला आणि मागून...

टक टक.

आणि मग ते थांबणं. कान दिल्यासारखं.

आत घेऊ नको असं सांगितलं होतं. ती आत येत नाही. बाहेर उभी राहते.

तेव्हापासून रोज ऐकू येतं. कधी सगुण मागे बसलेला असतो. त्याला विचारलं तर म्हणतो, "पत्रो वाजता मरे." पण तिथे आलं की तोही बोलायचा थांबतो.

गोकुळदास स्कूटर थांबवत नाही. भीतीने नाही, असं तो म्हणतो. थांबलो तर तिला काय सांगू, ते सुचत नाही म्हणतो.

रंजना पुन्हा कामावर येऊ लागली आहे. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ती अजून त्याला अण्णाच म्हणते.

गाऱ्हाणं मागे घ्यायचं राहिलं आहे.