माहेराविरुद्ध नव्वद मिनिटं

"ओ भाऊ, असे पाहत काय उभे राहिलात? हा भोंगा उचला न् त्या लिंबाला बांधा. माणसं यायला लागली!"

भैरवीनं हे ज्याला सुनावलं तो नुकताच एसटी स्टँडवरून पायी आला होता. पाठीवर पिशवी, बुटांवर दिग्रसची काळी माती. पुसदच्या साउंडवाल्यानं पाठवलेला माणूस हाच, असं तिला वाटलं. त्यानं पिशवी खाली ठेवली, भोंगा उचलला आणि फार अदबीनं विचारलं,

"भगिनी, कोणत्या शाखेस बांधू?"

भगिनी! शाखेस! भैरवीनं आता नीट पाहिलं. सावळा, उंच, कपाळावर घाम... आणि डोळे असे, की कुणी गुदगुल्या करतंय आणि हा हसू दाबून धरतोय.

"त्या... त्या शाखेस," ती म्हणाली. आवाज उगाच मऊ झाला.

थोड्याच वेळात त्या आवाराचे, म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्याचे, मालक नंदकिशोरशेठ हातात हार घेऊन धावत आले आणि झाडाखाली थबकले.

"अहो सखारामसाहेब! तुम्ही प्रमुख पाहुणे आमचे. झाडावर काय करून राह्यले?"

"भगिनींची आज्ञा," वरून उत्तर आलं.

सगळं आवार हसलं. भैरवीला वाटलं, आता ही काळी माती दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण मातीला त्या वर्षी स्वतःचंच पुष्कळ झालं होतं.

कापसानं तेव्हा सगळ्या तालुक्याला रडवलं होतं. दोन जिनिंगला कुलपं लागली होती आणि नंदकिशोरशेठच्या आवारात, जिथं दिवाळीनंतर गाड्यांची रांग फाटकाबाहेर जायची, तिथं गवत उगवलं होतं. शेठ तरुणपणी नागपूरला फुटबॉल खेळलेले. गवत पाहून दुसरा माणूस रडला असता. यांनी दोन्ही टोकांना बांबू रोवले आणि फुटबॉलचे सामने भरवले. निवेदनाला अर्थातच भैरवी. दिग्रसमधलं लग्न असो, शाळेचं गॅदरिंग असो की बियाणं कंपनीचा मेळावा, माईकवर आवाज तिचाच. फुटबॉलमधलं मात्र तिला एवढंच कळत होतं, की तो गोल असतो.

आणि पाहुणा? योगेन सखाराम. जन्म मॉरिशसचा. पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर कामाला गेले. उतरल्यावर गोऱ्या कारकुनानं नाव विचारलं. ते म्हणाले, सखाराम. तेच घराण्याचं आडनाव झालं. मराठी याला आली ती तिथल्या शाळेच्या पुस्तकातून आणि आरत्यांतून, म्हणून बोलणं असं मखरात बसल्यासारखं. गोव्यातल्या क्लबकडून खेळायला आला आणि मनानं घेतलं, की खेळायचं तर भारताकडून. त्यासाठी तिकडचा पासपोर्ट सोडायचा, इकडचा मागायचा. गोव्यातला हंगाम संपला होता, अर्ज दिल्लीला पडला होता आणि निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाय टाकायची सोय नव्हती.

"मग इथंच राहा न," शेठ म्हणाले. "जिनिंगच्या खोल्या रिकाम्याच आहेत. आमच्या पोरांले शिकवा."

एका दिवसासाठी आलेला पाहुणा राहिला. दिग्रसकर म्हणाले, फुटबॉलसाठी. विमलताईंनी, म्हणजे भैरवीच्या आईनं, फुटबॉलकडं पाहिलंच नाही. फक्त मुलगी हल्ली केस दोनदा विंचरते, एवढं त्यांनी पाहून ठेवलं.

"मला भगिनी म्हणू नका," भैरवीनं दुसऱ्याच दिवशी बजावलं.

"क्षमस्व. मग काय संबोधू?"

"नाव आहे मला."

"भैरवी..." त्यानं नाव असं घेतलं, जणू गरम चहा बशीत ओतून पहिला घोट घेतोय. "हे तर मैफल संपताना गातात ना?"

"हो. म्हणून लोक माझ्याशी बोलणं लवकर संपवतात."

"मी तर आत्ताच आरंभ केला."

माईकवर दिवसभर बोलणारी ही बाई... बंद माईकवर उगाच 'हॅलो, हॅलो' करत राहिली!

मग तो तिला खेळ शिकवू लागला. फ्री किक कळली, कॉर्नर कळला. ऑफसाइड मात्र काही केल्या डोक्यात शिरेना. त्यानं खडे मांडले, काड्या मांडल्या, शेवटी स्वतःच धावून दाखवलं. आणि एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला. संध्याकाळच्या सामन्यात तिनं माईकवरून सांगून टाकलं,

"मंडळी, ऑफसाइड म्हणजे काय? नवरदेव अजून पारावर आहे, आणि वऱ्हाडी आधीच मांडवात जाऊन पंगतीला बसला. उठवणार की नाही त्याला?"

"उठवणार!" सगळं आवार ओरडलं. त्या दिवसापासून दिग्रसमध्ये पंचाशी ऑफसाइडवरून कुणी भांडलं नाही.

योगेन पोट धरून हसला. मग तिच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "आणि नवरदेव पारावर किती वेळ थांबतो, साधारणतः?"

"मुलीकडचे बोलावतील तोवर," ती म्हणाली आणि माईकची वायर गुंडाळू लागली. वायर सरळच होती.

दिल्लीहून कागद आला तेव्हा तो पेढे घेऊन थेट तिच्या घरी गेला. सदाशिवराव, तिचे वडील, तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. माणसाकडेही ते अर्जाकडे पाहावं तसे पाहत, आधी त्रुटी शोधत. योगेननं पेढे ठेवले, पाया पडला आणि एका दमात सगळं सांगितलं. देश मिळाला, पुढच्या आठवड्यात भारतीय फुटबॉल संघाच्या शिबिराला जायचं आहे, आणि भैरवीचा हात मागायला आलो आहे.

सदाशिवरावांनी चष्मा पुसला.

"तुम्ही माणूस चांगले. पण एक सांगा मले. ज्यानं जन्माचा देश सोडला, तो उद्या बायको सोडणार नाही कशावरून?"

दाराआड भैरवीनं पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं. कारण हा प्रश्न रात्री तिलाही टोचला होता... फक्त तिनं तो कुणाला सांगितला नव्हता.

आतून लाटण्याचा आवाज येत होता, तिकडं योगेननं पाहिलं. मग म्हणाला, "काकू ह्या घरी कोठून आल्या?"

"घाटंजीहून. काहून?"

"जन्माचे घर सोडून?"

"मग? बाईमाणूस सोडूनच येते."

"तेव्हा त्यांना कोणी पुसले का, की माहेर सोडलेत तर उद्या नवराही सोडाल? मी देश टाकला नाही, काका. मॉरिशस माझे माहेर आहे. मी नांदायला आलो आहे."

आत विमलताईंच्या हातातलं लाटणं थांबलं. पदर डोळ्याला लागला आणि तोंडातून निघालं, "बाप्पा! घाटंजी सोडली तवा मले असं कोणी पुसलंच नव्हतं."

सदाशिवराव मात्र सहजी विरघळणारे नव्हते. "बोलणं गोड आहे," ते म्हणाले. "पण आपल्याच माणसांसमोर उभं राहायची वेळ येईल, तेव्हा कळेल हा कुठला. तोवर माझा होकार नाही."

आणि नशीब बघा, पहिलाच सामना मॉरिशसशी पडला.

त्या संध्याकाळी जिनिंगच्या आवारात पडदा लागला. पडद्यावरचं इंग्रजी कुणाला नको होतं, म्हणून आवाज बंद आणि माईक भैरवीकडं. पुढच्याच खुर्चीत सदाशिवराव, हाताची घडी घालून. तिकडं आधी मॉरिशसचं राष्ट्रगीत झालं. योगेनचे ओठ घट्ट मिटलेले, पण गळ्याची घाटी हलली. ते फक्त तिनं पाहिलं. खेळ सुरू झाला आणि तो असा धावला, असा धावला, की आपण श्वास घ्यायचा असतो हे आवारातल्या कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

उत्तरार्धात चेंडू डावीकडून आला. त्यानं तो छातीवर घेतला, खाली सोडला आणि—

"गोऽऽल!" भैरवी किंचाळली. खुर्च्या उलटल्या, टोप्या उडाल्या, नंदकिशोरशेठ तर चक्क नाचले. पडद्यावर योगेननं मात्र हात वर केले नाहीत. तो समोरच्या गोलकीपरजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान खाली घालून परतला.

नाचणारे शेठही अर्ध्यावर थांबले.

"काहून बे? आनंद नाही का याले?"

"परका तो परकाच, भाऊ!" मागून कुणीतरी म्हणालं. सदाशिवरावांनी घडी आणखी घट्ट केली.

भैरवीनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"थांबा! गोल आपला आहे, तुम्ही ओरडा, घसा फुटेतो ओरडा. पण नाचा म्हणू नका. समोरच्या पोरांसोबत ते लहानपणी एका गल्लीत खेळलेले आहेत. माहेरच्यांना हरवून कोण नाचतं हो? आपल्यासाठी खेळले, मनापासून खेळले, आणखी काय पाहिजे? ते यांचं माहेर आहे... यांचं..."

आणि ती थांबली.

'त्यांचं' म्हणायचं होतं. जिभेनं परस्परच 'यांचं' करून टाकलं. बाईमाणूस नाव न घेता 'यांचं' कुणाबद्दल म्हणते, हे दिग्रसमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आधी बायकांच्या बाजूनं फिस्स झालं. मग हसू पसरत पसरत मागच्या भिंतीपर्यंत गेलं. विमलताईंनी तोंडाला पदर लावला.

सदाशिवराव हळूच उठले, तिच्याजवळ आले.

"भैरवी, माईक चालू आहे."

तिचे कान तापले होते. पण माईक तिनं खाली केला नाही. उलट आणखी जवळ ओढला.

"माहीत आहे, बाबा."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं. चष्मा सारखा केला आणि खुर्चीत परत टेकता टेकता म्हणाले,

"मग पुढचं सांग ना बाई. बॉल जावयाकडं आहे."