खांदेमळणीची मोटर

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो "सरका, सरका" असं ओरडत होता, आणि मला काही सरकता येत नव्हतं.

बुऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेत कासाराच्या दुकानापुढे मी आत्याबरोबर बसले होते. डावा हात भरून झाला होता. उजवा कासाराच्या मुठीत होता आणि हिरवी बांगडी नेमकी अंगठ्याच्या हाडाशी अडलेली. अशा वेळी पळणार तरी कशी? वरच्या अंगाने एक लांब नाकाची, काळपट हिरवी पिकअप घरंगळत आली… माझ्याजवळ येता येता तिने तोंड फिरवलं आणि शेजारच्या दुकानापुढच्या सरकीच्या पोत्यांत जाऊन बसली. एक पोतं फुटलं. सरकी रस्त्यावर सांडली आणि कुठूनशी एक शेळी लगेच हजर झाली.

चालवणारा खाली उतरला. उंच, सावळा, खाकी शर्टावर तेलाचे डाग, आणि चेहरा इतका ओशाळलेला की त्याच्यावर रागावणं कठीण होतं. तरी मी रागावलेच.

"मोटर चालवता की सोडून देता?"

"चालवतो ना. चालायला फार गुणी आहे ती. थांबायचं तेवढं… तिच्या मनावर असतं."

"मग मालकाला सांगा, दाव्याला बांधून ठेवा म्हणून."

"त्यांच्याकडेच चाललोय. जसोंडीचे वामनराव पाटील. रस्ता कोणता हो?"

मी आत्याकडे पाहिलं, आत्याने माझ्याकडे. वामनराव पाटील म्हणजे माझे वडील, आमचे आबा.

"सरळ जा," मी म्हणाले, "आम्हीही तिकडेच निघालो. पण आम्ही गाडीबैलानेच येऊ. आमचे बैल थांबतात."

तो हसला. आणि खरं सांगते, उरलेल्या बांगड्या कासाराने कधी भरल्या ते मला कळलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर सगळा उलगडा झाला. पन्नास सालची ही गोष्ट. संस्थानं विलीन झाली होती आणि एका राजाच्या मोटरखान्यातलं सामान विकायला निघालं होतं. आबा गेले होते विहिरीवरचं इंजिन बघायला, आणि कोणाला न विचारता ही शिकारीची मोटर घेऊन बसले. आठ सिलिंडरची, हरणामागे धावायला बनवलेली. आमची केळी बैलगाडीने बुऱ्हाणपूरच्या स्टेशनवर पोचेपर्यंत कधी कधी वॅगन निघून जायची, म्हणून आबांना वेग हवा होता. वेग मिळाला. ब्रेक मात्र जुन्या तऱ्हेचे, सळयांनी ओढायचे. मोटर रिकामी असतानाच ते जेमतेम धरत. मागे केळी भरली असती तर देवाचंच नाव.

मोटरखाना बंद झाला तसा तिथला हा ड्रायव्हर, श्रीकांत, तोही मोकळा झाला होता. इंदूरच्या एका मोटर सर्व्हिसमध्ये त्याची जागा नक्की होती, पोळा झाला की हजर व्हायचं. तोवर पुढचे ब्रेक बदलून देतो, असं तो आबांना म्हणाला.

आबांनी अटही घातली. "पोळ्याला बैलांच्या मागून मोटर आणा. मारुतीचा उतार उतरून तोरणाशी थांबली तर घरची. मग तुम्हीही इथंच राहा चालवायला. नही थांबली तर मी भंगारात देतो अन् तुम्ही तुमच्या इंदूरला जा."

धुरपदाआत्याने, म्हणजे आबांच्या थोरल्या बहिणीने, त्याच दिवशी त्याचं गाव, कूळ, मामाकूळ सगळं विचारून घेतलं. रात्रीच्या भाकरी थापताना ती हळूच म्हणाली, "रावेरकडचा आहे पोरगा. आपल्यातलाच."

"मला काहून सांगते?" मी म्हणाले.

"तव्याला सांगू राहिली," आत्या म्हणाली.

केळीच्या मांडवाशेजारच्या शेडमध्ये मोटरची पुढची चाकं उतरली. महूच्या लष्करी डिस्पोजलमधून, म्हणजे जुन्या सामानाच्या विक्रीतून, श्रीकांत दुसऱ्या एका गाडीचे ड्रम, त्यांना आतून दाबून धरणारे ब्रेकशू आणि तेलाच्या नळ्या घेऊन आला. मी त्याला चहा द्यायला जायची. दिवसातून एकदा चहा पुरेसा असतो, हे मला माहीत होतं, तरी जायची.

"मागचे तसेच ठेवणार?" मी एकदा विचारलं.

"सध्या तसेच. धावता धावता थांबलं की तोल पुढं जातो. सगळा जोर पुढच्या चाकांवर येतो." मग पान्यावरची नजर न उचलता म्हणाला, "तुम्ही परवा दारात एकदम थांबल्या ना मला पाहून… तशाच पुढं झुकल्या होत्या."

"मी? मी उंबऱ्याला अडखळले होते."

"उंबरा नवा बसवला वाटतं. आधी कधी अडखळलेल्या दिसल्या नाहीत."

मी कप हिसकावून घेतला. त्यात अजून निम्मा चहा होता.

नळ्या जोडून झाल्यावर एक दिवस त्यानेच हाक मारली. नळ्यांतली हवा काढायची होती, आणि ते काम एकट्याने होत नाही. एकाने वर बसून पायाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने चाकाशी बसून पेच ढिला करायचा. मी पदर खोचून मोटरीत चढले. बाहेर केळीच्या पानांवर पावसाचा बारीक आवाज चालला होता.

"दाबा… धरून ठेवा," खालून आवाज आला.

मी दाबला. पायाखाली काहीच लागेना, नुसता भुसभुशीत.

"सोडा. पुन्हा दाबा… धरा… धरलाय ना?"

"धरलाय हो. कुठवर धरू?"

"मी सोडा म्हणेपर्यंत."

"आणि तुम्ही म्हणालाच नाहीत तर?"

मी वाकून पाहिलं तर तो मडगार्डाच्या कडेवरून माझ्याकडे बघत होता, गालावर तेलाचा फराटा. "तर… बसून राहाल?" त्याने विचारलं.

उत्तर ओठांवर होतं, पण तेवढ्यात आत्याने मला हाक मारली आणि दचकून माझा पाय आधी जोरात दाबला गेला, मग सुटला. नळीतून तेल उडालं ते थेट त्याच्या नाकावर. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. शेवटी पायाखालचा ब्रेक घट्ट झाला, दगडावर पाय ठेवावा तसा, आणि मला इतका आनंद झाला की मीच टाळी वाजवली. त्या दुपारी मला कळलं की मी त्याच्या प्रेमात पडले आहे. हे त्याला सांगायचं कसं, तेवढं कळत नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळतात. गोठ्यात आमचं तेच चाललं होतं. श्रीकांतने शू नीट बसलेत का ते बघायला पुढचे ड्रम एकदा शेवटचे उतरवले होते. मग आबांनी त्याला जेवायला बोलावलं. जेवून आल्यावर अंधार पडायच्या आत त्याने घाईघाईने ड्रम चढवून टाकले.

सकाळी अंगणात आबांसमोर त्याने मोटर चालवून दाखवली. झोकात आली, त्याने ब्रेक दाबला… आणि मोटर तशीच पुढे सरकत कडब्याच्या गंजीत घुसली. पेंढ्या टपावर कोसळल्या.

आबांनी टपावरची एक पेंढी ओढून बाजूला टाकली. मग म्हणाले, "तोरणाखाली पोरंसोरं राहतात, बैल राहतात. गंजी होती म्हणून बरं. संपलं आता. पुरणपोळी खाऊन जा, संध्याकाळची गाडी भेटेल."

श्रीकांत "बरं" म्हणाला. एवढंच. स्वतःच्या कामाबद्दल एक शब्द नाही. मला त्याचा राग आला, आबांचाही आला. आज संध्याकाळी हा माणूस जाणार, आणि मी काय करणार? चहा कोणाला देणार?

मी शेडमध्ये गेले. त्याने ड्रम पुन्हा उतरवले होते आणि पेट्रोलच्या फडक्याने शू पुसत होता. आत पाऊल टाकताच मला वास आला. पेट्रोलच्या आडून येणारा… ओळखीचा, घरचा. हळद आणि साजूक तूप.

त्याचे हात पिवळे झाले होते.

"आत्याने…" मी म्हणाले.

तो शू पुसत राहिला.

"आत्याने मोटरच्या चाकांचेही खांदे मळले. तुम्हाला माहीत होतं?"

"ड्रम काढले तेव्हा समजलं." त्याने फडकं उलटं केलं. "ब्रेकला तूप लागलं की तो धरत नाही, फिसलतो. त्यांना काय ठाऊक? मायेनं लावलं त्यांनी. बैलाच्या खांद्यावानी."

"मग आबांना सांगत काहून नाही?"

"सणाच्या दिवशी? सगळ्या गड्यांसमोर त्यांना बोल लागेल. मला काय, मी तर जाणारच."

"जाणारच?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "जाऊ नये असं वाटतं," तो हळूच म्हणाला, "लय वाटतं. पण आता कोणत्या तोंडानं राहू?"

मला रडू येत होतं आणि हसूही. मी खाली बसले, दुसरं फडकं उचललं. "पुसून झालं की धरतील का हे?"

"घासून, वाळवून घेतले की धरतील. आंगणात दोनदा बघून घेईन."

"मग दुपारी मोटर आणा."

"आबा नही म्हणाले."

"तुम्ही आणा. मी तोरणाखाली उभी राहते."

तो काही बोलणार होता, पण मी पॉलिशकागद त्याच्या हातात दिला आणि दोघंही कामाला लागलो.

दुपारी उतारावरून बैल आले. रंगवलेली शिंगं, झुली, घुंगरं, ढोल. सगळे बैल तोरणाखालून जाऊन कडेला उभे राहिले. आणि मग वर ते इंजिन गरजलं. मोटरच्या नाकावर झेंडूची माळ होती आणि मडगार्डात अजून कडब्याच्या दोन काड्या अडकलेल्या.

आबा ताडकन उठले. लोक भराभर बाजूला झाले. मी ओवाळणीचं ताट घेऊन रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले, तोरणाच्या बरोबर खाली.

"कोके, सर बाजूला," आबा माझ्यावर ओरडले.

मोटर उतरत होती. ताटातलं निरांजन हलत होतं. काचेआडून श्रीकांतची नजर माझ्यावर होती. या वेळी माझा हात कोणाच्या मुठीत नव्हता, मला सहज सरकता आलं असतं. मी सरकले नाही.

मोटर थांबली. कसलाही आवाज नाही, धक्का नाही. माळेतलं शेवटचं फूल माझ्या ताटाला टेकलं.

ढोलवालासुद्धा थबकला होता. त्या शांततेत आत्याचा आवाज सगळ्या गावाने ऐकला. "थांबणारच. काल मी माह्या हातानं पुढच्या चाकांचे खांदे मळले, आतून. पावशेर तूप गेलं."

आबांनी आत्याकडे पाहिलं. मग श्रीकांतच्या पिवळ्या बोटांकडे, मडगार्डातल्या काड्यांकडे, मग माझ्याकडे. सकाळचं सगळं त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण मिशीत हसू आवरता आवरता ते खाली बसले. "बाई," ते आत्याला म्हणाले, "पुढच्या साली फक्त बैलांचे मळत जा." आणि श्रीकांतला म्हणाले, "मोटर घरची झाली. सकाळी बोललो ते सोडून द्या."

मी मोटरला ओवाळलं. नाकावर कुंकू लावलं. बैलाबरोबर बैल धरणाऱ्यालाही कुंकू लावायची आमच्याकडे रीत आहे, म्हणून मी खिडकीशी गेले.

"सरकल्या काहून नाही?" त्याने पुटपुटत विचारलं. "ब्रेकवर एवढा भरवसा?"

"ब्रेकवर नाही," मी म्हणाले.

त्याने डोळे मिटले. मी त्याच्या कपाळाला बोट टेकवलं, आणि ते उचलायला जरा उशीरच केला.

"मग इंदूरला काय कळवू?"

"कळवा… की तिकडची जागा दुसऱ्या कोणाला द्या."

मागे आत्या कोणाला तरी सांगत होती की वाटीत हळद उरली आहे, ती टाकू नका, झाकून ठेवा.