करड्या पेटीची हार

पुठ्ठ्याचा तुकडा साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली दाबून ठेवला होता. वीतभर रुंद, हातभर लांब आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी.

"आज सकाळी साडेनऊला सापडला," साहेब म्हणाले. "करड्या पेटीच्या पाठीमागे. मी स्वतः वाकून काढला. हवा कोंडून पेटी तापवली त्या बाईने. दुपारी दोनला तिच्या हातात निलंबनाचं पत्र पडेल. टाइप करून तयार आहे, फक्त तुमचा अहवाल जोडायचाय."

"अहवाल तपास झाल्यावर लिहितात, साहेब," तपासनीसबाई म्हणाल्या. "मागे बघायचं कोणाला सुचलं?"

"करडेवाल्याला. तो माझ्यासोबतच होता."

प्रकरण थोडक्यात असं होतं. अकरा रुग्णालयांचे सगळे संगणक ज्या एका केंद्रातून चालत, तिथले जुने स्विच बदलायचे होते. स्विच म्हणजे दिवा लावायचं बटण नव्हे. हजारो संगणकांमधली माहितीची ये-जा वळवणारी चपटी लोखंडी पेटी. दोन कंपन्या शेवटपर्यंत टिकल्या होत्या. एकीची पेटी करडी, दुसरीची हिरवी. दोघींचे विक्री अधिकारी एकमेकांना पाण्यात पाहत, म्हणून केंद्रात त्यांना सगळे करडेवाला आणि हिरवेवाला एवढंच म्हणत. तुलना करायचं काम एकट्या चाचणी इंजिनियरचं होतं. सोमवारी हिरवी पेटी पास झाली. काल, मंगळवारी, करडी पेटी तासाभरात तापून बंद पडली आणि करडेवाल्याने केंद्र डोक्यावर घेतलं.

"एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी," बाई म्हणाल्या. "ही इंजिनियर माझ्या धाकट्या भावाची बायको होती. दोन वर्षांपूर्वी वेगळे झाले. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. हा तपास माझ्याकडे नको."

साहेब हसले. "माहीत आहे. म्हणूनच तुम्ही. तुम्ही तिची गय करणार नाही."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण माणूस अगदीच खोटं बोलत नव्हता. भाऊ घरी येऊन रडला होता, 'तिला माझ्यापेक्षा तिची यंत्रं प्यारी,' म्हणाला होता, आणि बाईंनी भावजयीचं नाव टाकलं होतं. त्यांनी करडेवाल्याच्या तक्रारीचा कागद ओढून घेतला. मागण्या तीन होत्या: तुलना कायमची रद्द करा, इंजिनियरला काढा, आणि शुक्रवारच्या तालमीसकट सगळे आकडे नष्ट करा.

घड्याळात साडेदहा झाले होते.

चाचणीच्या खोलीत कपाटांच्या दोन रांगा होत्या. पेट्यांची तोंडं ज्या बाजूला ती थंड गल्ली; एसीची हवा तिथे सोडलेली. पाठी ज्या बाजूला ती गरम गल्ली. पेट्यांनी ओढून घेतलेली हवा तापून तिथे बाहेर पडे. थंड गल्लीत पाऊल टाकताच बाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला.

इंजिनियरने वर पाहिलं. अंगात जाड स्वेटर, डोळ्यांत झोप नाही. "या मॅडम. मुहूर्त चांगला साधलात."

"कामाचं बोलू," बाई म्हणाल्या. "काल काय झालं?"

"अकराला साधा भार सुरू केला. बाराला झुंबड सुरू करायची होती. पण साडेअकरापासून करडी पेटी तापत गेली. एकेक दार, म्हणजे केबल जोडायची जागा, आपोआप बंद पडलं. बाराला पेटी मेली. झुंबड झालीच नाही."

"झुंबड म्हणजे?"

"चाळीस दारांतून माहिती एकदम आत येते, बाहेर जायला दार एकच. चांगली पेटी गर्दी पोटात धरते आणि रांगेने सोडते. वाईट पेटी सांडते. रुग्णालयात काय सांडेल ते तुम्हीच समजा."

"शुक्रवारची तालीम कसली?"

"झुंबडीचीच. पाच मिनिटं, दोन्ही पेट्यांवर. आकडे ज्याचे त्याला कळवले. ते पाहून दोघांना एकेकदा दुरुस्ती करायची मुभा असते."

"करड्या पेटीचे आकडे काय होते?"

"पाकिटात मोहोरबंद आहेत. लेखी मागणीशिवाय निकालाआधी साहेबांनाही दाखवायचे नाहीत, असा नियम आहे. हवेत तर साहेबांच्या सहीने लेखी मागा."

"अहो, दोन वाजता नोकरी जातेय तुमची!"

"मग नियम मोडून वाचवू? म्हणजे तुम्हीच लिहाल, बघा, ही नियम मोडते."

सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, बाई मनात म्हणाल्या. "दुरुस्तीला करडेवाला कधी आला?"

"काल सकाळी नऊला. अर्धा तास आम्ही बाहेर होतो. कंपन्यांची गुपितं आम्हाला कळू नयेत म्हणून तशी पद्धत आहे. हिरवेवाल्यालाही दिला होता अर्धा तास, रविवारी."

"त्याचं सामान याच्या पेटीत बसतं?"

"केबल सोडली तर काहीच नाही. पंखासुद्धा शिरत नाही एकमेकांचा."

"पुठ्ठा तुम्ही लावलात?"

इंजिनियरने थेट डोळ्यांत पाहिलं. "हो म्हटलं तर आनंद होईल का तुम्हाला?"

बाई दाराकडे वळल्या. उत्तर द्यायचं तर काय द्यायचं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

हिरवेवाला बाहेर फोनवर ओरडत होता. बाईंना पाहून आवाज आणखी चढला. "माझ्यासाठी केलं म्हणे तिने! अहो, सोमवारी तिने माझ्या पेटीत तेरा चुका काढल्या. तेरा! शेजारणीला साखर मागितली तरी पोचपावती घेईल ती बाई. ती कसली मला मदत करतेय!"

"काल तुम्ही कुठे होता?"

"शहराबाहेर. विमानाचं तिकीट दाखवू?"

त्याने ते दाखवलं. बाईंनी तारीख पाहिली आणि त्या पुढे निघाल्या.

काल चाचणीच्या वेळी थंड गल्लीत आणखी एक माणूस होता: केबल टाकणारे वायरमनकाका. ते जिन्याखाली केबलची गुंडाळी सोडवत बसले होते आणि जगावर चिडलेले होते.

"मला कशाला गोवता? मी खाली बसून शेजारच्या कपाटाच्या वायरी बांधत होतो. पुठ्ठाबिठ्ठा मागच्या बाजूला. मी पुढे होतो."

"कोणी मागे गेलं?"

"मला काय भिंतीपलीकडचं दिसतं? इंजिनियरबाई टेबलाशी होत्या, जागच्या हलल्या नाहीत. आणि तो एसी आधी दुरुस्त करून घ्या. काल स्वेटर काढून मांडीवर घ्यावा लागला मला. सर्दी झालीय त्यापायी."

"किती वाजता काढलात?"

"चाचणी सुरू झाल्यावर. साडेअकरा असतील."

बाईंनी एसीची नोंद मागवली. दिवसभरात काटा एका अंशानेही हलला नव्हता. मग काकांना उकडलं कशाने? खोलीत काय आलं-गेलं ते पाहायला त्या थेट फाटकावर गेल्या.

फाटकावरचा चौकीदार सगळ्यांचा नावडता होता. आत जाणाऱ्या स्क्रूचाही रंग तो लिहून घेई. वही पुढे करताना तो म्हणाला, "लोक मला खडूस म्हणतात. आज बघा, खडूसच कामाला आला."

काल करडेवाल्याच्या नावापुढे दोन वेळा नोंद होती.

'सकाळी ९. आत: सुटे पंखे सहा, लाल मुठीचे. बाहेर जाताना: सुटे पंखे सहा, निळ्या मुठीचे.'

'दुपारी १. आत: सुटे पंखे सहा, निळ्या मुठीचे. बाहेर जाताना: सुटे पंखे सहा, लाल मुठीचे.'

"दुपारी त्याला आत कोणी सोडलं?"

"खुद्द साहेबांनी. पेटीला सील लावतो म्हणाला. दहा मिनिटं एकटाच होता. सहा आत, सहा बाहेर, हिशेब जुळला, मग मी का अडवू?"

बाई परत चाचणीच्या खोलीत गेल्या. गरम गल्लीत जाऊन त्यांनी करड्या पेटीच्या पाठीकडे पाहिलं. सहाही मुठी निळ्या होत्या. मग त्यांनी साहेबांकडे एका ओळीचा अर्ज नेला आणि तिथेच उभं राहून सही घेतली.

दीड वाजता सगळे थंड गल्लीत जमले. साहेबांच्या हातात ते पत्र होतं. करडेवाला टाय घट्ट करून आला होता.

"लवकर आटपा," साहेब म्हणाले.

"दोनच गोष्टी," बाई म्हणाल्या. "काका, काल बसला होता तिथेच बसा." मग त्यांनी करड्या पेटीला लावलेलं सील तोडायला सांगितलं, पेटी चालू करून घेतली आणि स्वतः मागे जाऊन तो पुठ्ठा चिकटवला. वीस मिनिटं गेली. पेटी तापू लागली. पडद्यावरचे आकडे वर चढले.

"बघा!" करडेवाला म्हणाला. "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"काका, स्वेटर काढावासा वाटतो का?"

"छे! गारठलोय मी."

"मग काल का काढलात?"

"काल पेटीतून गरम वारा तोंडावर येत होता!"

बाई साहेबांकडे वळल्या. "पुठ्ठ्याने पेटी तापते, पण वारा उलटा फिरत नाही. काल या पेटीचा वारा उलटा वाहत होता. मागची गरम हवा ओढायची आणि पुढे फेकायची. इंजिनियर, असं कशाने होतं?"

इंजिनियरचा चेहरा एकदम बदलला. "उलट दिशेचे पंखे. काही केंद्रांत पेट्या फिरवून बसवतात, त्यांच्यासाठी कंपनी वेगळे पंखे बनवते. मुठीच्या रंगावरून ओळखतात. आपले निळे, उलटे लाल." ती पुटपुटली, "मी मागे जाऊन पाहिलंच नाही. टेबलावरून आकडेच बघत बसले."

"या पेटीत दुसऱ्या कंपनीचा पंखा शिरत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे लाल पंखे एकाच माणसाला मिळू शकतात. त्याने काल सकाळी सहा लाल आत नेले, सहा निळे बाहेर आणले. सगळे एकाच दिशेचे बसवले, म्हणून पेटीनेही कुरकुर केली नाही. दुपारी सीलच्या निमित्ताने पुन्हा अदलाबदल केली आणि जाताना मागे पुठ्ठा चिकटवला. आज सकाळी तुम्हाला वाकायला लावलं."

"वेड लागलंय का यांना?" करडेवाला ओरडला. "माझी पेटी मीच कशाला हरवीन?"

"कारण ती हरणारच होती."

बाईंनी मोहोरबंद पाकीट साहेबांच्या हातात दिलं. "तुमच्या सहीने मागवलंय. उघडा."

साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. तालमीच्या पाच मिनिटांत करड्या पेटीने माहितीच्या दर शंभर तुकड्यांतले एकोणीस सांडले होते. हिरवीने एकही नाही.

"हे त्याला शुक्रवारीच कळलं," बाई म्हणाल्या. "सेटिंग बदलून सुधारणारं नव्हतं, पेटीचं पोटच लहान. झुंबड झाली असती तर आकडे निकालात छापून आले असते आणि मग इतर गिऱ्हाइकांनीही विचारलं असतं. म्हणून झुंबडीच्या आधीच पेटी मारायची. हरलेली पेटी कोणी घेत नाही. जिच्यावर अन्याय झाला तिची मात्र सगळ्यांना कणव येते. खरंच फसवला गेलेला माणूस म्हणतो, पुन्हा चाचणी घ्या. याने काय मागितलं? चाचणी नको, इंजिनियर नको, आणि तालमीचे आकडे जाळा. चोराच्या उलट्या बोंबा!"

करडेवाल्याने टाय सैल केला. "कंपनीने सांगितलं होतं, ही ऑर्डर गेली तर परत येऊ नकोस. मला दोन पोरं आहेत हो."

"तिलाही पोट आहे," बाई म्हणाल्या. "चौकीदार, यांना फाटकापर्यंत सोडा. वही जपून ठेवा."

साहेबांनी पत्राची घडी घातली आणि खिशात सरकवली. "बरं झालं, खरं बाहेर आलं," असं काहीतरी बोलले आणि निघून गेले. माफीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. काकाही शिंकत निघाले.

खोलीत दोघीच उरल्या. इंजिनियर पेटीच्या केबल काढू लागली. बाई घुटमळल्या. धन्यवाद मिळावेत असं त्यांना वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती.

"सुटलीस," त्या शेवटी म्हणाल्या.

"आज सकाळपासून किती जणांना प्रश्न विचारलेत?" इंजिनियरने मान वर न करता विचारलं.

"साहेब धरून पाच जणांना. का?"

"माझी नोकरी वाचवायला पाच जण, एसीची नोंद, फाटकावरची वही. पुठ्ठासुद्धा स्वतः चिकटवून पाहिलात." तिने केबल टेबलावर आपटली. "आणि माझा संसार मोडला तेव्हा तुमच्या भावाने घरी येऊन एक वाक्य सांगितलं, आणि तुम्ही दार लावून घेतलंत. मी तीन वेळा फोन केला होता, ताई. एक प्रश्न तरी विचारायचा होतात मला!"

दोन वर्षांत बाईंनी शेकड्याने जबाब घेतले होते. हा एकच घेतला नव्हता. भावाचा शब्द खरा की खोटा, हे त्यांनी कधी तपासलंच नव्हतं.

खुर्ची ओढून त्या बसल्या. "आता विचारते. काय झालं होतं?"

इंजिनियरने घड्याळाकडे पाहिलं, स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि हिरव्या पेटीची केबल उचलली.

"आता नाही," ती म्हणाली. "आता माझं काम आहे."