पडवीतल्या दहा बाटल्या

एकसारखे वीस कांदे निवडायला बाप्यामाणसाला अर्धा तास लागावा, हे शिरवण्याच्या गोजराला काही पटेना. ती पडवीत कांदे निवडत बसली होती आणि हा समोर उकिडवा – जयदेव, ऐरोलीच्या मिठागरवाल्यांतला पहिला बी.एस्सी. साल होतं बासष्ट.

"एवढं निरखून तर कोनी पोरगी पन बघत नाय," ती म्हणाली.

"पोरगी मोजावी लागत नाही ना," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

कांदे पाण्याच्या बाटल्यांवर ठेवायचे होते. दहा खाडीकाठच्या वायरलेसच्या मनोऱ्याखाली, दहा लांब, गोजराच्या पडवीत. मनोऱ्याच्या लहरींत वाढवले तर पेशींची वाढ बदलते का, हे त्याला मुळं मोजून बघायचं होतं. दर पंधरवड्याला नवे कांदे, दर शुक्रवारी पट्टी घेऊन स्वारी हजर. आकडे जुळले की होळीला काम बंद, असं तो पहिल्याच दिवशी बोलून गेला.

माणूस आवडला, त्याला गोजरा तरी काय करणार? आकडे जुळूच नयेत म्हणून ती गुरुवारी कातरीनं चार-दोन मुळं छाटू लागली.

होळी आली. "झालं," वही मिटत जयदेव म्हणाला. "फरक फार बारीक निघाला. सोमवारी अहवाल जाईल, माझ्या नावानं."

सांगावं तर हा पुन्हा उंबरा चढणार नाही, न सांगावं तर खोट्याला याचं नाव लागणार. गोजरानं कातर आणून त्याच्यापुढं ठेवली.

"मुळं मी कापली... तुमी येत रहावं म्हनून."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "तिसऱ्याच शुक्रवारी भिंगाखाली कापलेली टोकं दिसली. तुझ्या बाटल्या तेव्हाच हिशेबातून सोडल्या. खरे दहा कांदे ऐरोलीला आई सांभाळते."

"मंग इतके शुक्रवार वहीत काय लिवत व्हते?"

त्यानं वही पुढं केली. गोजरा चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून वाचू लागली. सात तारीख – हसली नाही. चौदा – चहा दिला. एकवीस – हसली...

"आई विचारते," तो खाली बघत म्हणाला, "तुझ्या बाबांना भेटायला कधी येऊ?"

गोजरानं कातर उचलून फळीवर ठेवली.

"शुक्रवारी," ती म्हणाली. "पट्टी नका आनू."