रिकाम्या लिफ्टचं वजन

आम्ही दोघं भावंडं मालाच्या लिफ्ट दुरुस्त करतो. दादा लिफ्टपाशी, मी शेजारच्या पंपाच्या खोलीत. तिथे दारावर आलेख चिकटवलेला असतो: आडव्या रेषेवर वजन, उभ्या रेषेवर तेलाचा दाब. मीटरचा काटा बघायचा, तेवढ्या दाबापासून बोट तिरक्या रेषेपर्यंत आडवं न्यायचं, तिथून सरळ खाली. लिफ्टमध्ये किती माल आहे ते कळतं. काम सोपं आहे. दादा म्हणतो, म्हणूनच तुला दिलंय.

त्या दुपारी फर्निचरच्या दुकानात गेलो. "रिकामी असली तरी जडजड चालते," असं सांगून मालकीणबाई वरच्या मजल्यावर निघून गेल्या.

माझं बोट ब्याऐंशी किलोवर उतरलं.

"दादा, आधी आतलं सामान काढ."

"आत काडीसुद्धा नाही गं," दादा लिफ्टच्या दाराबाहेरून म्हणाला.

मीटर बिघडला असणार. नवा लावला. पुन्हा ब्याऐंशी. मला हसूच फुटलं, कारण दादाचं वजनही नेमकं तेवढंच, आणि त्यावरून मी त्याला रोज छळते. तपासणीची लोखंडी वजनं ओढायचा आम्हाला कंटाळा. त्याऐवजी दादाच आत उभा राहतो.

"शीर आत," मी ओरडले. आता एकशे चौसष्ट दिसायला हवं होतं.

काटा हलला नाही.

"शिरलास का?"

"उभा आहे की, ठमे. किती दाखवतंय?"

मी पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. ब्याऐंशी.

"आत्ताच्या आत्ता बाहेर ये!"

तो हात पुसत माझ्या दारात येऊन उभा राहिला. काटा तिथेच.

"अगं, पांढरीफटक पडलीस की."

मी त्याचा दंड धरून त्याला जवळ ओढलं. एवढा धिप्पाड माझा दादा रिकाम्या पिशवीसारखा उचलला गेला. त्याचे पाय जमिनीवरून सुटले.

मला धक्काच बसला. त्याचं वजन त्या लिफ्टमध्ये होतं. त्याला परत तिथे न्यायला हवं, एवढंच सुचलं.

तेवढ्यात पंप घरघरला. वर कोणीतरी बटण दाबलं होतं.

"काकू, नको!" मी किंचाळले.

लिफ्ट वर जाऊन थांबली. दार उघडलं. काटा हळूहळू रिकाम्या लिफ्टच्या खुणेवर उतरला.

"तुम्ही आलात होय वर?" मालकीणबाईंचा आवाज आला. "बहीण कुठंय तुमची?"

मी दादाचा दंड घट्ट धरला.

"खाली आहे," वरून दादाच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं. "आणतो तिला."