साखर कोन देते?

"चिकटवू नका तो कागद!"

मी ओरडले तसा भिंतीपाशी उभा असलेला पोरगा दचकला. आमच्या गावचा दवाखाना, बाहेर सकाळपासून झिमझिम, आणि तालुक्याच्या आरोग्य विभागातून आलेल्या या पोराच्या हातात मधुमेहाचा तोच कागद... आईच्या गोळ्यांच्या पिशवीतला.

"काहून?" त्यानं विचारलं. डोळे भलतेच मऊ होते त्याचे. त्याचाच मला जास्त राग आला.

"वाचा मोठ्यानं."

"'रक्तशर्करा न्यूनतेची लक्षणे आढळल्यास शर्करायुक्त पदार्थांचे तत्काळ सेवन करावे...'"

"माही आई, भागिरथाबाई. निंदाले जाये. संध्याकाळी थकून विसरीन म्हनून दोन्ही वेळच्या गोळ्या सकाळीच घेत जाये, अन् बिनभाकरीची वावरात. मांगच्या महिन्यात घाम फुटला, हात थरथरले, अन् वावरातच गेली. बांधावर चहाची साखर होती! पन शुगरच्या पेशंटले साखर कोन देते?"

तो पांढराफटक पडला.

"हा कागद मीच लिवला," तो हळूच म्हणाला. "माहं नाव धम्मरत्न."

खोटं बोलला असता तर मला कळलंही नसतं. मेला, तेही जमलं नाही त्याला.

मग दर गुरुवारी तो अनसिंगकडे जाणाऱ्या बसनं यायचा, नवीन कागद घेऊन. दुपारी बांधावर बाया भाकरी सोडायच्या, मी कागद वाचून दाखवायची. आईची जोडीदारीण गोमतीबाई विचारायची, "ग्लुकोज म्हंजे सलाईन का वं?" की तो मान खाली घालून ओळ खोडायचा.

"मॅडम, पास का नापास?"

"नापास. अक्षर तेवढं बरं हाय."

"चला, अक्षर तरी आवडलं!"

मी हसायची. आणि घरी आईची रिकामी खाट दिसली की त्या हसण्याचीच लाज वाटायची.

सातव्या गुरुवारी मी वाचलं, "गोळी चालू असताना घाम फुटला, हात थरथरले, तर मानूस शुद्धीत हाय तोवर लगेच साखर चारा. शुगरच्या पेशंटलेच चारा."

गोमतीबाईनं पदर तोंडाला लावला. "पोरी... साखर मांगत होती थे. मीच पुडा दूर ठेवला."

मी तिला कवटाळून रडले. धम्मरत्न बांधावर तसाच भिजत उभा होता.

निघताना त्यानं आणखी एक कागद दिला. त्यात लिहिलं होतं, "आपल्याविषयी माझ्या मनात नितांत जिव्हाळा..."

"नापास," मी म्हटलं.

"तू मले आवडते, साक्षी."

आवडत होताच मला तो, कधीचा. पण...

"तुले पाहलं की आई आठवते," मी म्हटलं.

"मालूम हाय." त्यानं सबब सांगितली नाही, माफीही मागितली नाही.

बसचा हॉर्न वाजला.

"पुढच्या गुरुवारी घरी ये," मी म्हटलं. "बाबाले सांग, तो कागद तू लिवला म्हनून. आंधी थे. मंग हे आपलं दोघायचं."

त्यानं विचारलं, "लिहून आनू?"

"नाही. तोंडानं सांग. मी राहीन बाजूले बसून."