लाल कागदाचा दिवा

लेकीला निसर्गविज्ञानाच्या उन्हाळी शिबिरात सोडून मी लगेच परतणार होते. पण शेवटची बस चुकली. खरं म्हणजे चुकू दिली. शिबिराच्या खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो म्हटल्यावर माझं पाऊल निघेना. रात्री जेवणं उरकल्यावर पोरांच्या घोळक्यात मीही बसले. लेक माझ्यापासून जमेल तितकी लांब बसली होती. शिबिराच्या गाडीचे ड्रायव्हरकाका गोष्ट सांगत होते.

"माझ्या सख्ख्या साडूची हकीकत आहे. साडूबद्दल कुणी उगाच चांगलं बोलत नाही, तेव्हा खरीच धरा."

पोरं खुसखुसली.

"तो इथे सर होता. मे महिना, अमावस्येची रात्र. कासवाच्या शेवटच्या घरट्यातून पिल्लं निघायची होती. वाळूतून वर आली की ती उजेडाकडे चालत सुटतात. काळोखात समुद्रच तेवढा उजळ दिसतो, म्हणून पाण्याकडे. पण रस्त्यापलीकडे दिवा असला, तर दिव्याकडे. मग सकाळी सापडतात... चाकांखाली. म्हणून आपण बॅटरीला लाल कागद लावतो. त्यांना तो उजेड फारसा कळत नाही. माणसाला कळतो."

"आणि कागदावर केसांचं रबर," एक मुलगी म्हणाली.

"हां. ती रीत रस्त्यापलीकडच्या घरातल्या पोरीने पाडली. शिबिरातलीच होती. एका संध्याकाळी पोहायला गेली. सापडलीच नाही. तेव्हापासून तिची आई रात्रभर दारात दिवा ठेवायची. स्वतः खुर्चीत जागी. साडूला एवढंच सांगायला धाडलं होतं, की ताई, आजची रात्र दिवा बंद ठेवा."

"मग?"

"बाई म्हणाल्या, 'ठेवते. पण पोर अंधारात कशी येईल, तेवढं सांगा.'"

काकांनी लाल कागदाची बॅटरी पेटवून समोर ठेवली.

"साडूने खिशातून लाल कागद काढला. दिव्याच्या काचेला गुंडाळला. रबर नव्हतं, दोऱ्याने बांधला. म्हणाला, 'ताई, हा पिल्लांना दिसायचा नाही. तिला दिसेल.' बाई म्हणाल्या, 'दोरा टिकायचा नाही हो वाऱ्यात. ती रबर लावायची. निळं. गेली तेव्हा केसांतही तेच होतं.'"

माझी नजर लेकीच्या वेणीवर गेली. आई झाल्यापासून मला कुठलीच गोष्ट नुसती ऐकता येत नाही.

"मध्यरात्री वारा सुटला. पिल्लं वर यायला लागली. साडू वाळूत गुडघे टेकून बसलेला. डोळे घराकडे. लाल ठिपका हलला... आणि एकदम पांढरा झाला. पिल्लं वळली. सगळी. घराकडे."

एका पोराने गुडघे पोटाशी घेतले.

"साडू धावला. रस्त्यापर्यंत पोचला... आणि दिवा पुन्हा लाल झाला."

लाट फुटल्याचा आवाज आला.

"त्याला वाटलं, बाईंनीच कागद लावला. तो मागे फिरला. एकूण एक पिल्लू पाण्यात गेलं. पहाटे बाईंचे आभार मानायला गेला, तर त्या खुर्चीत झोपलेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हाक मारली तशा दचकल्या. म्हणाल्या, 'डोळा लागला हो माझा. आजच कसा...'"

लेक कधी माझ्या शेजारी येऊन बसली, कळलं नाही. मी मुद्दामच तिच्याकडे पाहिलं नाही.

"मग दोघांनी दिव्याकडे बघितलं. दोरा पायरीवर पडलेला. कागद जागच्या जागी. घट्ट. त्याच्याभोवती निळं रबर."

"मग बाईंनी काय केलं?"

"खाली पायरी ओली होती. तिच्यावर हात ठेवून बसून राहिल्या. साडूही बसला. ऊन वर आलं. वाळू तापली."

काकांनी बॅटरी विझवली.

"रबरातून पाणी ठिबकतच होतं."